कपाटातली दुनळी: घरात लायसन्सची बंदूक असेल तर

खंडेनवमीला शस्त्रं बाहेर निघतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत पाटावर तलवार, कट्यार मांडली जाते आणि शेजारी आजोबांची दुनळी ठेवली जाते. हळदकुंकू, झेंडूची फुलं, निरांजन. पोरं अगदी पुढे बसतात, कारण वर्षातून एकदाच ही वस्तू नीट बघायला मिळते. तलवारीला धार आहे का, हे बघायला कुणीतरी अंगठा फिरवतो. दुनळीच्या नळ्यांत काही आहे का, हे मात्र पूजेच्या घाईत सहसा कुणी उघडून बघत नाही.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि ग्वाल्हेर, भिंड, मुरैना पट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत ‘हर्ष फायरिंग’च्या, म्हणजे समारंभात आनंदाने बार काढण्याच्या, बातम्या येऊ लागतात. या भागात खांद्यावर बंदूक दिसणं नवलाचं नाही. चंबळच्या दरोडेखोरांच्या काळात तिला कारण होतं, पुढे ती पत झाली. लायसन्सला मागणी इतकी की २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने अर्जदारांना आधी १० झाडं लावा आणि त्यांच्यासोबतचा फोटो दाखवा अशी अट घातली होती. झाडं जगली असतील तर उत्तमच.

बंदूक घ्यावी की नाही, हा वाद इथे घालायचा नाही. जी घरात आहेच, ती कशी उघडायची, कुठे ठेवायची आणि मुलांना काय सांगायचं, एवढंच बघू.

आधी काडतूस समजून घेऊ

बंदुकीत धोका कुठे असतो? नळीत नाही, चापातही नाही. तो काडतुसात असतो. काडतुसाचे चार भाग: बाहेरचं कवच, बुडाशी बसवलेली इवलीशी टोपी, आतली दारू आणि पुढे गोळी किंवा छर्रे. बोटाने ओढतो तो चाप. चाप ओढला की घोडा सुटतो, त्याच्या दणक्याने टोचणी टोपीवर आपटते, टोपी ठिणगी टाकते, दारू जळून वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. नळीच्या ज्या मागच्या टोकात काडतूस बसतं, त्याला चेंबर म्हणतात. चेंबरमध्ये काडतूस नसेल तर हाती उरतो लोखंड-लाकडाचा तुकडा. म्हणून पुढची सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: या क्षणी चेंबरमध्ये काय आहे?

आपल्याकडच्या घरांत बहुधा तीन प्रकार सापडतात. १२ बोरची एकनळी किंवा दुनळी, ३१५ बोरची रायफल आणि ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर. आकड्यांनी गोंधळून जाऊ नका. बोर म्हणजे नळीचं माप. ३१५ म्हणजे ०.३१५ इंच आणि ३२ म्हणजे ०.३२ इंच, दोन्हींची गोळी साधारण ८ मिलिमीटर जाडीची. १२ बोरचा हिशेब वेगळा. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीइतकी नळीची रुंदी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. त्यामुळे २० बोर हा १२ बोरपेक्षा लहान असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

‘रिकामीच आहे’ हे वाक्य

घरातल्या अपघातांत हेच वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येतं. कुणीतरी, कधीतरी रिकामी केली होती आणि सगळे त्या आठवणीवर विसंबून होते. जगभरचे नेमबाजीचे शिक्षक म्हणून पहिला धडा हा देतात: स्वतःच्या डोळ्यांनी आत्ता पाहिलं नसेल, तर बंदूक भरलेली आहे असं धरून चाला. दुसरा: नळीचं तोंड ज्याला इजा व्हायला नको त्याच्याकडे कधीही वळता कामा नये, रिकामी असली तरी. तिसरा: निशाण घेऊन चालवायचं नक्की होईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर, नळीला समांतर सरळ. चौथा: समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय चालवायची नाही. या चारांत गंमत अशी आहे की एखादा मोडला तरी दुसरा वाचवतो. चाप चुकून ओढला गेला पण तोंड ओल्या मातीच्या बांधाकडे होतं, तर नुकसान मातीचं. दोन एकदम मोडले की माणूस जातो.

आता रिकामी करायची कशी. दुनळी सगळ्यात सोपी. तोंड खाली, मोकळ्या जमिनीकडे. फरशीकडे नको, फरशीवरून गोळी उसळते, आणि वरच्या मजल्यावर असाल तर खालच्या खोलीचा विचार करा. अंगठ्याने वरची कळ उजवीकडे दाबली की बंदूक मधोमध मोडते आणि दोन्ही चेंबर डोळ्यांसमोर येतात. काडतूस असेल तर पितळेची गोल कडी चमकते. ती बोटाने ओढून काढा, दोन्ही बाजूंची. मग नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघा. दोन स्वच्छ गोल दिसले पाहिजेत. उघडलेली, मोडलेली दुनळी सुटू शकत नाही, म्हणून हातात घेताना, देताना, पाटावर मांडताना ती उघडीच ठेवावी. पूजेत ‘मोडलेली’ बरी दिसत नाही अशी कुरकुर होते. होऊ द्या.

३१५ बोरच्या रायफलीत एक फसवणूक दडलेली आहे. तिच्या खाली डबी असते, मॅगझिन, तिच्यात ५ काडतुसं राहतात. बोल्ट म्हणजे वरचा सरकता दांडा. तो मागे ओढला की चेंबरमधलं काडतूस बाहेर उडतं आणि पुढे ढकलला की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत जातं. आता समजा कुणी मॅगझिन न काढता बोल्ट मागे ओढला. एक काडतूस टणकन खाली पडलं. ‘झाली रिकामी’ म्हणत त्याने बोल्ट पुढे ढकलला. झालं, रायफल पुन्हा भरली, तीही त्याच्याच हाताने. त्यामुळे क्रम कधीच बदलायचा नाही: आधी मॅगझिन काढून बाजूला, मग बोल्ट मागे, मग चेंबरमध्ये नजर, मग करंगळी घालून चाचपणी. अंधारात नजर फसते, बोट फसत नाही. बोल्ट उघडाच ठेवा.

कानपूरच्या कारखान्यातलं ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर वरून उघडतं. उघडताना चक्रीतली सहाही कवचं वर उचलली जातात. तोंड वर करून, तळहातावर ती झटकून घ्या आणि सहा घरं मोजा. मोजायचं कारण असं की कवचं वर उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकतीखाली एखादं कवच अडकून मागे राहतं. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरांत आणखी एक भानगड असते. घोडा खाली असताना टोचणी थेट टोपीवर टेकलेली असते, खाली पडून घोड्यावर आपटलं तर ते सुटू शकतं. असं रिव्हॉल्व्हर वापरणारे जाणकार पाचच भरतात आणि घोड्याखालचं घर मोकळं ठेवतात.

आणि रिकामी झाल्यावर ‘खात्रीसाठी’ छताकडे धरून चाप ओढायचा, ही सवय सोडा. खात्री डोळ्यांनी आणि बोटाने होते. चाप ओढून होते ती परीक्षा, आणि त्या परीक्षेत नापास झाल्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येतो.

‘सेफ्टी लावलेली आहे ना?’

गॅसच्या शेगडीचं बटण बंद असतं तरी रात्री झोपताना आपण सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतोच. बटण ढिलं पडू शकतं, मुलाचा हात लागू शकतो, पण मागून गॅसच येत नसेल तर काही बिघडत नाही. बंदुकीची सेफ्टी म्हणजे शेगडीचं बटण. काडतूस काढून ठेवणं म्हणजे रेग्युलेटर.

बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा अडवत नाही. घोडा ताणलेलाच असतो. झिजलेल्या खाचेत तो कसाबसा टेकलेला असेल आणि बंदूक दस्त्यावर (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर) आपटली, तर सेफ्टी लागलेली असूनही ती सुटते. भिंतीला टेकवून ठेवलेली दुनळी घसरून पडते, तेव्हा नेमकं हेच घडतं. बाहेरून दोन घोडे दिसतात अशा जुन्या दुनळ्यांना तर बहुतेक वेळा सेफ्टीच नसते.

जुनी बंदूक, नवं काडतूस

ज्यांच्याकडे पणजोबांच्या काळची विलायती दुनळी आहे, त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

जुन्या १२ बोर बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आज सर्रास मिळणारी काडतुसं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची. हे माप उडाल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या कवचाचं आहे. न उडालेलं काडतूस तोंड मुडपलेलं असल्यामुळे आखूड असतं, त्यामुळे ते जुन्या चेंबरात निमूटपणे बसतं आणि बंदूक बंदही होते. गडबड उडताना होते. तोंड उलगडायला जागा नसते, ते पुढच्या अरुंद भागात जाऊन छर्‍यांची वाट अडवतं आणि दाब वाढतो. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती बहुधा लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेली आहे. अशा नळीचे सांधे आतून गंजलेले असू शकतात आणि बाहेरून काही कळत नाही. ती जाणत्या बंदूकसाजाकडून मोजून, तपासून घेतल्याशिवाय चालवू नये. माझं मत विचाराल तर चालवूच नये. कायदेशीर कागद करून ती शोभेला राहू द्यावी.

आता २० बोरची गोष्ट. एकाच खिशात दोन मापांची काडतुसं असली की घोटाळा होतो. २० बोरचं काडतूस १२ बोरच्या चेंबरात टाकलं तर ते बसत नाही, खाली घसरतं आणि नळीत पुढे जाऊन अडकतं. मागून चेंबर रिकामं दिसतं. माणूस म्हणतो, ‘अरे, भरलीच नाही वाटतं,’ आणि १२ बोरचं काडतूस घालून चाप ओढतो. नळी डाव्या हाताशीच फुटते. म्हणून भरण्याआधी नळीतून आरपार बघायचं, आणि घरात एकाच मापाची काडतुसं ठेवायची.

चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर लगेच उघडू नका. ओलसर किंवा जुन्या काडतुसाची दारू उशिरा पेटू शकते. तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, मग उघडा. नेहमीच्या धमाक्याऐवजी ‘फुस्स’ झालं तर ते जास्त वाईट. गोळी अर्ध्या वाटेत नळीतच राहिलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फाटते. तिथेच थांबा, रिकामी करा आणि नळी बघा.

ठेवायची कुठे

कपाटात साड्यांच्या मागे, माळ्यावर गाद्यांखाली, देवघरामागच्या खुंटीवर. या जागा लपवायच्या आहेत, ठेवायच्या नाहीत. मुलांना दिवाळीचा फराळ कुठल्या डब्यात आहे हे सापडतं, तर बंदूक सापडणार नाही असं कसं?

भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी घ्या. बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या जागी, वेगळ्या कुलपात. दोन किल्ल्या एका जुडग्यात नसाव्यात. दुनळी तीन तुकड्यांत सुटते: नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचा लाकडी तुकडा. तो लाकडी तुकडा वेगळ्या जागी ठेवला तर चोराच्या हाती अर्धीच बंदूक लागते. रायफलीचा बोल्ट काढून वेगळा ठेवता येतो. चेंबरमधून ओवून घालायचं तारेचं कुलूप स्वस्त असतं आणि त्याचा एक फायदा असा की ते लागलं असेल तर चेंबर रिकामं आहे, हे लांबूनच कळतं.

कातडी म्यान आणि कातडी काडतूसपट्टा मिरवायला छान, साठवायला वाईट. कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात, आणि म्यान पावसाळ्यात ओल धरून नळीला गंज आणतं. काडतुसं कोरड्या डब्यात ठेवा. हाताच्या घामाचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसा. साफसफाईला बसण्याआधी सगळी काडतुसं त्या खोलीतून बाहेर गेली पाहिजेत, टेबलाच्या खणातलीसुद्धा. काम झालं की साबणाने हात धुवायचे, कारण नळीतल्या काजळीत शिसं असतं. साठवणीसाठी नळीत लावलेलं जाड तेल चालवण्याआधी कोरड्या चिंधीने पूर्ण काढावं लागतं.

मग चोर आला तर?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि तो गैरवाजवी नाही. स्वसंरक्षणासाठीच लायसन्स घेतलं आणि बंदूक तीन कुलपांत ठेवली, तर तिचा उपयोग काय?

हिशेब करून बघा. चोर वर्षानुवर्षं येत नाही. पोर रोज घरात असतं. उशीखालच्या भरलेल्या रिव्हॉल्व्हरचा धोका प्रत्येक रात्री आहे आणि उपयोग क्वचितच एखाद्या रात्री. शिवाय झोपेतून दचकून उठलेला माणूस अंधारात कुणावर बंदूक रोखतो? पाणी प्यायला उठलेल्या मुलावर, उशिरा आलेल्या भाच्यावर. ज्याला खरोखर धमकी आहे, त्याने मोठ्यांच्या खोलीत आकड्यांच्या किंवा बोटाच्या ठशाच्या कुलपाची छोटी तिजोरी पक्की बसवावी, ती काही सेकंदांत उघडते. रायफल मात्र घराच्या आत चालवायची चीजच नाही. तिची गोळी लाकडी दार आणि पातळ भिंत पार करून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकते. ग्वाल्हेरच्या दौलतगंजच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत.

मुलांना काय शिकवायचं आणि त्यावर किती विसंबायचं

‘आमच्या मुलांना आम्ही सांगून ठेवलंय, ती हात लावत नाहीत.’ असं वाटणाऱ्या आईबापांसाठी अमेरिकेतला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. तो २००१ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचे दोन-तीन जणांचे २९ गट एका खोलीत थोडा वेळ सोडले. खणात खरं, पण निकामी केलेलं हँडगन ठेवलं होतं. २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं. १० गटांत कुणीतरी चाप ओढला. आणि हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं.

‘लहान मुलाच्या बोटात चाप ओढायचं बळ कुठून?’ हाही भ्रमच. १९९५ मधल्या एका अभ्यासात दोन बोटांनी सुमारे साडेचार किलोची ओढ देऊ शकणारी मुलं मोजली गेली. ३-४ वर्षांची २५ टक्के, ५-६ वर्षांची ७० टक्के, ७-८ वर्षांची ९० टक्के.

म्हणजे शिकवणं फुकट? नाही. शिकवण उपयोगी पडते ती कुलूप लावलेल्या घरात, आणि दुसऱ्याच्या घरी, जिथलं कुलूप आपल्या हातात नाही. क्रम मात्र तोच: आधी कुलूप, मग शिकवण.

सात-आठ वर्षांपर्यंत चारच गोष्टी: थांब, हात लावू नकोस, तिथून बाहेर जा, मोठ्या माणसाला सांग. नुसतं सांगून भागत नाही, नाटक करून घ्यावं लागतं. खेळण्यातलं पिस्तूल टेबलावर ठेवा आणि मुलाला खोलीत पाठवा. ते काय करतं ते बघा. सांगायला आलं तर कौतुक करा. ‘कुणी आणून ठेवलं?’ म्हणून ओरडलात, तर पुढच्या वेळी ते सांगायला येणार नाही.

त्याहून मोठ्या मुलांचं कुतूहल दडपू नये. बघायची आहे म्हणाला तर लायसन्सधारकाने स्वतः, रिकामी करून, उघडून दाखवावी. चेंबर हे, टोचणी ही, काडतूस इथे बसतं. ‘आता सांग, ही भरलेली आहे का?’ असं विचारावं आणि त्याने आत डोकावल्याशिवाय उत्तर घेऊ नये. रहस्य गेलं की चोरून बघायची ओढही कमी होते. पण मुलाच्या किंवा घरातल्या बिनलायसन्सच्या माणसाच्या हाती चालवायला देणं हा गुन्हा आहे, मग ते शेतावर असो की गच्चीवर.

नेमबाजीची खरी आवड असेल तर तिचा रस्ता क्लबातून जातो. दहा मीटरवरची एअर रायफल, समोर प्रशिक्षक, हुकमाशिवाय नळीला हात नाही. भोपाळला मध्य प्रदेश राज्य शूटिंग अकादमी आहे. तिथल्या शिस्तीचा एक तास घरातल्या दहा उपदेशांपेक्षा भारी. लायसन्स मात्र २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच.

१९०५ पासून भरणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात फुगे फोडायचे गाळे असतात. त्यांतली छर्‍याची बंदूक, आणि साडेचार मिलिमीटर छर्‍याची, २० जूलपर्यंत जोर असलेली कुठलीही एअर रायफल, यांना आपल्याकडे लायसन्स लागत नाही. लायसन्स लागत नाही, पण त्या छर्‍याने डोळा जातो. पोर बंदूक हातात धरून ‘आई, बघ!’ म्हणत मागे वळतं, तो क्षण धोक्याचा. त्याच्या मागे उभं राहू नका. बाजूला उभं राहा आणि वळण्याआधी बंदूक फळीवर ठेवायला लावा.

सुटीत मुलं मामाकडे, आत्याकडे जातात. तिथे बंदूक आहे का, हे विचारायला संकोच वाटतो. फोनवर एवढंच म्हणा, ‘दादा, मुलं येताहेत, दुनळी कुलपात टाकून ठेवशील ना?’ कुणी रागावत नाही. रागावला तर मुलं पाठवायची की नाही, हे कळलंच.

‘आकाशात तर मारली!’

वर मारलेली गोळी कुठे जाते? खाली येते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने रायफली सरळ वर चालवून हे मोजलं होतं. अगदी उभी गेलेली गोळी हवेच्या अडथळ्यामुळे सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने परतते. कातडी फोडायला ६० मीटरच्या आसपासचा वेग पुरतो. आणि वरातीत नळी अगदी उभी कोण धरतो? तिरकी सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत, टोक पुढे ठेवून जाते आणि कितीतरी जास्त वेग घेऊन उतरते. ३१५ रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. ग्वाल्हेरच्या बाडा चौकात वरात नाचते आणि गोळी पार फुलबाग भागात उतरू शकते.

१२ बोरचे बारीक छर्रे उंचावरून पडताना बळ गमावतात, तिथे धोका निराळा आहे. ढोलाच्या तालावर एका हाताने उचललेली बंदूक पहिल्या धक्क्याने झुकते आणि दुसरी नळी गच्चीवरच्या बायकांच्या दिशेने सुटते. छर्रे लगेच पसरतात, हा समजही चुकीचा. दर मीटरला ते साधारण अडीच-तीन सेंटिमीटरच पसरतात. दोन-तीन मीटरवरच्या माणसाला सगळे मिळून एकाच जागी लागतात. शेजारच्या पोराच्या कानाशी १४० डेसिबलच्या वरचा आवाज होतो, तो कानाला कायमची इजा करू शकतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात हर्ष फायरिंग हा वेगळा गुन्हा आहे. लग्न, धार्मिक जागा, कुठलाही समारंभ असो, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला लागलं नसलं तरीही. कुणी मेलं तर ‘मारायचा हेतू नव्हता’ हे पुरत नाही. लग्नात छताच्या दिशेने चालवलेल्या बंदुकीने दोन जीव गेले होते, त्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. यजमानाला एकच सोपा उपाय आहे: पत्रिकेसोबतच सांगायचं की बंदूक घरी ठेवून या.

आजोबा गेले, बंदूक राहिली

लायसन्स माणसाचं असतं, घराचं नाही. धारक वारला की ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा होतं, ठेवणारा मुलगा असला तरी. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत हयातीतली सोयही आहे: धारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर तो कायदेशीर वारसाचं नाव देऊ शकतो. वारसाला स्वतःचं लायसन्स लागतंच, आणि सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. लायसन्स पाच वर्षांचं असतं. किती काडतुसं जवळ ठेवायची, वर्षाला किती घ्यायची, हे त्यावरच लिहिलेलं असतं. तो आकडा आणि डब्यातली मोजणी दर महिन्याला जुळवावी. एक काडतूस कमी असेल तर ते त्याच दिवशी शोधायचं.

घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल तेव्हा

याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहायला हवं. बोर्डाचा निकाल लागला, कर्ज अंगावर आलं, कुणी दारूत बुडालं, कुणी गप्पगप्प राहायला लागलं, तर बंदूक काही महिने घराबाहेर गेली पाहिजे. जीव द्यावासा वाटण्याची लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते. त्या तासांत हाताशी काय आहे, यावर सगळं ठरतं. ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायला कारण देण्याची लाज नको, निवडणुकीच्या वेळी हजारो लोक करतातच. बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.

जमा करायला नेताना ती घरीच रिकामी करून, म्यानात घालून, लायसन्स बरोबर घेऊन जायचं. पावतीवर नंबर, बोर आणि काडतुसांची संख्या नीट उतरवली आहे का ते तिथेच वाचा. परत घेताना तिथेच उघडा आणि नळीतून उजेड बघा. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. मातीचं ते बोटभर बूच न काढता पहिला बार काढला, तर नळी फाटते.